गवताकडे बघणारा बॅक

आमचे अप्पा देशाकडून फुटबॉल खेळले होते. सोलापुरात हे वाक्य कुणी उच्चारलं की त्याच्या पाठोपाठ दुसरं यायचंच, "पण त्या मॅचला असं काय झालं हो?" किराणा दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, अगदी माझ्या शाळेच्या गॅदरिंगलासुद्धा. विचारणाऱ्याला वाटायचं, हा प्रश्न आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय. अप्पा हसायचे, उजव्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "गुडघा दगा देऊन गेला की." तेवढ्यावर माणसं खूश व्हायची आणि गुडघ्यावरचे घरगुती उपाय सांगायला लागायची. मला मात्र लहानपणापासून त्या प्रश्नाची चीड होती. देशाकडून खेळलेल्या माणसाला जन्मभर एकच गोष्ट विचारायची, तीही हरल्याची, ही कुठली रीत?

अप्पा मूळचे दुधनीचे. घरात तुरीचा आणि शेंगांचा व्यापार, बोलणं निम्मं कानडी आणि निम्मं मराठी. शिकायला म्हणून सोलापुरात आले आणि शिकले ते फुटबॉल. तेव्हा गिरण्यांच्या स्वतःच्या टीम असायच्या. चांगला खेळणारा दिसला की गिरणी त्याला नोकरीला घ्यायची. तो कुठल्या खात्यात आहे हे नावापुरतं, संध्याकाळी मैदानावर दिसला की झालं. अप्पांना टाइम ऑफिसात बसवलं होतं. खेळायचे बॅकच्या जागेवर, म्हणजे गोलीच्या पुढ्यात उभं राहून समोरच्यांना अडवायचं काम. देश स्वतंत्र झाल्यावर सुरुवातीला जे संघ बोटीनं परदेशी खेळायला गेले, त्यातल्या एकात अप्पा होते. सोलापूरकडचा माणूस देशाच्या संघात, ही गोष्ट तेव्हा ऐकलेलीच नव्हती. स्टेशनवर त्यांना पोचवायला बँड आला होता म्हणे. परत आले तेव्हा कुणी आलं नाही.

का, ते मी लहानपणीच दहा जणांच्या तोंडून ऐकलं होतं. त्या शेवटच्या मॅचला हाफटाइमपर्यंत कुणाचाच गोल नव्हता. हाफटाइमनंतर बाजू बदलतात. आणि बाजू बदलल्यावर आमच्या अप्पांनी, बॅक असून, आपला गोल वाऱ्यावर सोडला आणि थेट समोरच्यांच्या गोलाजवळ जाऊन उभे राहिले. मॅनेजर ओरडला, कॅप्टन ओरडला, पण हे हललेच नाहीत. मागं मोकळ्या जागेतून समोरच्यांनी दोन गोल केले. पेपरात छापून आलं की स्वतः गोल मारायची हाव सुटली आणि देश हरला. त्यानंतर अप्पांना पुन्हा कुणी संघात घेतलं नाही. अप्पांचं म्हणणं, पुढं गेलो आणि गुडघा आखडला, परत येता आलं नाही. ज्यांना अप्पा आवडायचे ते गुडघ्यावर विश्वास ठेवायचे, बाकीचे हावेवर.

अव्वाचा, म्हणजे आमच्या आईचा, गुडघ्यावर ठाम विश्वास होता. थंडी पडली की ती रोज संध्याकाळी करडईचं तेल कोमट करायची आणि चुलीपुढं बसून अप्पांचा गुडघा चोळायची. तिच्या तळहातांना भेगा होत्या, तेलानं गुडघ्यापेक्षा त्याच जास्त बऱ्या होतात असं मी चिडवायचे. चोळताना ती त्या हावरेपणाच्या बातमीला कानडीत शिव्या द्यायची. एकदा अप्पांनी विसरून डावा पाय पुढं केला. "डावा न्हवं हो, उजवा की!" असं म्हणून अव्वानं त्यांच्या मांडीवर चापट मारली, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. अप्पा भिंतीकडे बघत राहिले. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते, तिच्याशिवाय पहिली कळायची नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की थोड्या दिवसांत घराण्याचे जंगम गुरू, ज्यांना आम्ही अय्या म्हणतो, ते येऊन त्याला इष्टलिंग देतात. सुपारीहून थोडं मोठं, काळंभोर. ते चांदीच्या झाकणाच्या डबीत, करडगीत, ठेवून गळ्यात बांधायचं ते मरेपर्यंत. रोज अंघोळ झाली की ते बाहेर काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, पाणी घालायचं, आणि मगच अन्न खायचं. माणूस गेला की त्याला बसवून पुरतात आणि तेच लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. देव देवळात नसतो, अंगावर असतो, असं आमच्या घरात सांगत.

आमची बाकीची माणसं ही पूजा घरात सगळ्यांसमोर करायची. अप्पा मात्र आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी लावायचे. अव्वा आधीच दाराशी तांब्याभर पाणी, बेल आणि भस्म ठेवायची. बेल आणायला ती पहाटे चालत जायची, अंगात ताप असला तरी. अप्पा अर्ध्या तासानं कपाळावर भस्माचे पट्टे ओढून बाहेर यायचे, जेवायचे, आणि त्यांच्यानंतर अव्वा जेवायची. शेजारणींना ती अभिमानानं सांगायची, "ह्यांची पूजा दुसऱ्याच्या डोळ्यापुढं होत न्हाय. लई कडक हाय." चाळीतल्या दोन खोल्यांत अव्वाला मिरवायला तेवढंच होतं. नवऱ्याचा फुटबॉल लोकांनी बदनाम केला होता, पूजा कुणी बदनाम करू शकत नव्हतं.

मग तो मोठा दुष्काळ पडला. मी सोळा वर्षांची होते आणि तोंडानं फटकळ होते, अजूनही आहे. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं. चाळीतल्या बायका घागरींच्या रांगेत एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी ठेवायच्या. एका सकाळी मी अशीच भांडून, घागर अर्धीच भरून घरी आले, तर दाराशी ठेवलेला तांब्या अप्पांनी आत नेलेला. तांब्याभर पाणी! आमचं पिण्याचं! अव्वा दुसऱ्या घागरीसाठी रांगेतच थांबली होती. माझं डोकं फिरलं. देवाला वाटीभर पुरत नाही का, असं विचारायचंच ठरवून मी दार जोरात ढकललं. कडीचे स्क्रू कधीचे ढिले झाले होते. दार उघडलं.

अप्पा मांडी घालून बसले होते. डावा हात छातीसमोर धरलेला. तळहातावर भस्माच्या तीन रेघा आणि बेलाचं एक पान. ते उजव्या हातानं थेंब थेंब पाणी सोडत होते आणि पाणी तळहातावरून ओघळून ताटलीत पडत होतं. करडगी समोर उघडी होती, आतून रिकामी आणि चकचकीत. पानाखाली काही असेल म्हणून मी वाकून बघितलं. अप्पांनी मला थांबवलं नाही. पान त्यांनीच उचललं. खाली नुसता तळहात होता.

"अव्वा कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"नळावर."

"मग दार लाव."

मी दार लावलं. पाण्याचं भांडण मी विसरूनच गेले.

संध्याकाळी अप्पा मला गिरणीच्या मैदानावर घेऊन गेले. त्या वर्षी तिथं गवताचं पान नव्हतं, नुसती भेगाळलेली काळी माती. आम्ही गोलाच्या खांबाशी बसलो. अप्पा माझ्याकडे न बघता बोलत होते.

"मी निघालो तवा आई दुधनीच्या स्टेशनवर आली. माझ्या छातीवर हात ठिवून म्हणली, हे अंगावरनं ढळू द्यायचं न्हाय. ढळलं तर परत येऊ नको. मी म्हणलं, व्हय. प्रत्येक मॅचला छातीला फडकं गुंडाळून करडगी आत बांधायचो. रेफ्रीनं बघितली तर काढाय लावंल म्हणून. त्या दिवशी पहिल्या हाफात एकानं कोपर मारलं, मी पडलो. उठलो, खेळलो. मग घाम पुसाय हात लावला, तर फडकं सुटलेलं आन् झाकण उघडं."

"पडलं होतं?"

"मघाशी पडलो तितंच पडलं असणार. आमच्या गोलापुढं, डाव्या अंगाला. हाफटाइमाला सगळी आत गेली, मी गवतात रांगाय लागलो. मॅनेजर म्हणला काय शोधतोस? म्हणलं अंगठी. त्यानं दंडाला धरून आत नेलं."

पुढचं मला आपोआप कळायला लागलं. हाफटाइमनंतर बाजू बदलतात. अप्पांचं लिंग आता समोरच्यांच्या गोलापुढं गवतात होतं.

"बदली माणूस तवा घेत नव्हते. बाहीर जाता येईना. आमी निम्मे अनवाणी खेळायचो, पण त्यांच्या पायात खिळ्याचे बूट. कुणाचा बूट त्याच्यावर पडला तर? म्हणून मी जाऊन तितं उभा राहिलो. पायाच्या बोटांनी गवत चाचपत होतो. चेंडू दिसत होता मला. माझ्या अंगावरनं माणसं मागं पळत होती ते दिसत होतं. दोन्ही गोल मी बघितले. मला वाटायचं आता लागंल बोटाला, आता लागंल."

दुसऱ्या दिवशी बोट सुटायच्या आधी ते पहाटे पुन्हा त्या मैदानावर गेले होते. माळी जड रोलर फिरवत होते. त्यांची भाषा अप्पांना येत नव्हती आणि अप्पांची त्यांना. अप्पांनी बोटांनी गोल करून दाखवला. त्यांनी हसून माना हलवल्या, त्यांना वाटलं गोलाबद्दलच बोलतोय.

"दुधनीला उतरलो. आईनं सदऱ्यावरनं करडगीला हात लावला. म्हणली, हाय न्हवं? मी म्हणलं, हाय. एकदा हाय म्हणलं की रोज म्हणावं लागतंय पोरी. आई वर्षात गेली. तवर तुझी अव्वा आली होती. तिलाबी हायच म्हणलं."

मी फटकळपणे विचारलं, "अय्यांकडून दुसरं घ्यायचं की! एवढं काय?"

"आई असताना गेलो असतो तर तिला कळलं असतं. आई गेल्यावर कुठल्या तोंडानं जाऊ? आन् दुसरं घेतलं म्हंजे पहिलं तितं टाकून आलो असं व्हतंय."

"मग रोज हातावर काय बघता?"

"डोळं मिटलं की ते गवत दिसतंय. सरकवून सरकवून बघतो."

मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. अप्पांनी माझ्याकडून वचन घेतलं. त्यांना देवाची भीती उरली नव्हती. ते म्हणाले, देवानं त्या दिवशीच बघून घेतलंय सगळं. भीती एकाच गोष्टीची होती. मेल्यावर लोकांसमोर करडगी उघडली जाईल, तळहातावर ठेवायला काही निघणार नाही, आणि अव्वा ते बघेल. इतकी वर्षं पहाटे उठून बेल आणणारी अव्वा. "तिला तसं कळाय नको," ते म्हणाले, "बाकी कायबी होऊ दे."

चार वर्षं मी गप्प राहिले. माझ्यासारख्या बाईसाठी चार वर्षं म्हणजे किती, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. रोज सकाळी कडीचा आवाज आला की मी घागर उचलून नळाकडे निघायचे. थंडीत अव्वा तेल कोमट करायला बसली की मी उठून बाहेर जायचे. अप्पांचा गुडघा धडधाकट होता. मैदानावरून परत येताना ते माझ्यापेक्षा भरभर चालले होते. अव्वाला सांगावं असं मला हजारदा वाटलं. नाही सांगितलं, आणि त्याचा अभिमानही वाटायचा, की मी एक गुपित सांभाळून आहे. तो अभिमान मला पुढं चांगलाच नडला.

मी एका बालवाडीत शिकवायला लागले त्या वर्षी अप्पांच्या पोटात पाणी व्हायला लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता थोडे महिने. मी घरी न जाता सरळ अय्यांकडे गेले. वचन मोडतेय हे मला माहीत होतं. पण अप्पा रिकाम्या डबीनं गेले तर चार माणसांत अव्वाची काय अवस्था होईल, हे मला अप्पांपेक्षा जास्त दिसत होतं.

अय्या खूप म्हातारे झाले होते. अंगणात उन्हाला बसून चष्म्याच्या काचा धोतरानं पुसत होते. मी सगळं सांगितलं, बोट, गवत, रोलर, कडी. त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे नीट बघितलं आणि कानडीत म्हणाले, "अष्टेना?" एवढंच ना?

त्यांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून मी परत सांगायला लागले.

"हारवतंय की, बाई. न्हदीत पडतंय, हिरीत पडतंय. माणूस हाय, हारवणारच. दुसरं बांधायचं. घटकाभराचं काम हाय. त्याच्यासाठी ह्यो माणूस पंचवीस वर्षं दार लावून बसला?"

घरी जाताना मी रस्त्यात एकटीच हसत होते आणि पदरानं डोळे पुसत होते. घटकाभराचं काम. एका घटकेसाठी फुटबॉल गेला, नाव गेलं, आणि आमच्या घराच्या आतल्या खोलीला आयुष्यभर कडी लागली.

अप्पा माझ्यावर चिडले. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "सोमवारी या म्हणावं अय्यांना. पण अव्वाला मी सांगणार. अय्यांच्या पुढ्यात सांगणार. म्हंजे ती रागावली तर अय्या समजावतील." आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॉरवर्डला अडवणारा माणूस बायकोसमोर उभं राहायला एक म्हातारा मध्ये उभा करत होता. मला तेव्हा त्यांची दया आली. आपण चांगलं काम केलंय असंही वाटलं.

सोमवारी अव्वानं घर सारवल्यासारखं पुसून काढलं. अय्या आजाऱ्याला आशीर्वाद द्यायला येताहेत असंच तिला वाटत होतं. ती बेलाचं ताट घेऊन उभी राहिली. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी करडगी गळ्यातून काढली, झाकण उघडलं आणि तिच्यासमोर धरली. मग सांगितलं. मैदानावर मला सांगितलं होतं त्याच्या निम्म्या शब्दांत. अय्या मधेमधे "व्हतंय असं, व्हतंय" म्हणत होते, जणू दूध उतू गेल्याची गोष्ट चालली होती.

मी अव्वाकडे बघत होते. ती किंचाळेल, रडेल, कपाळ बडवून घेईल, या सगळ्याची मी तयारी केली होती. ती डबीकडे बघतच नव्हती. ती अप्पांच्या पायाकडे बघत होती.

"आन् गुडघा?" तिनं विचारलं.

अप्पांनी मान खाली घातली. "गुडघ्याला कायबी झालं न्हवतं."

अय्या काहीतरी समजुतीचं बोलायला गेले, तर अव्वानं हात वर करून त्यांना थांबवलं. अय्यांना तसं कुणी थांबवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली.

"तुला कवा कळलं?"

कालच, असं म्हणता आलं असतं. परवा म्हणता आलं असतं. अय्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनी खुणावलंसुद्धा. पण घरात त्या दिवशी खरं बोलायचं चाललं होतं, आणि मला खरं बोलायची फार हौस. मी म्हणाले, "दुष्काळात."

"म्हंजे चार वरसं," अव्वा म्हणाली. तिनं ताट अय्यांच्या पुढ्यात ठेवलं, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

अय्यांनी अप्पांना नवं लिंग दिलं. घटकाभराचंच काम होतं. अव्वा बाहेर आली नाही.

त्या दिवसापासून अव्वा अप्पांशी बोलली नाही. सेवेत कसर ठेवली नाही, त्यांना उठवलं, बसवलं, अंग पुसलं, पथ्याची पेज केली. दाराशी पूजेचं पाणी आणि बेलही ठेवत राहिली. पण तोंडातून शब्द नाही. समोर बसलेल्या माणसाबद्दल मला सांगायची, "विचार त्यांना, भात घालू काय." अप्पा मला सांगायचे, "थोडा घाल म्हणावं." दीड हाताच्या अंतरावर बसलेली दोन माणसं, आणि मधे मी, निरोप्या. आणि एक बदल तिनं केला. ती त्यांच्या आधी जेवायला लागली. त्यांची पूजा व्हायच्या आत ताट घेऊन बसायची आणि सावकाश जेवायची. बाहेरच्या माणसाला त्यात काही वाटलं नसतं. अप्पा ते बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

अप्पांनी आता दार उघडं ठेवायला सुरुवात केली होती. तळहातावर खरं लिंग घेऊन, उजेडात, अव्वाला दिसेल असं बसायचे. पाणी घालताना मधेच मान वर करून बघायचे, ती बघतेय का. ती त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत असायची. एक दिवस मला राहवलं नाही. मी अव्वाला म्हणाले, "किती दिवस छळणार आहेस त्यांना? चुकलं त्यांचं. आजारी आहेत."

"देवाचं काय ते अय्यांनी मिटवलं," अव्वा म्हणाली. "माज्या हाताचं कोण मिटवणार? मी थंडीत कोणाला चोळत होते ग? आन् तू बघत बसलीस."

त्याच दिवसांत गिरणीच्या टीमचे जुने गोलकीपर भेटायला आले. बोलणं दखनी उर्दूत, मन मोठं. नेहमीसारखी मॅचची गोष्ट निघाली. आता लपवायचं काय म्हणून अप्पांनी त्यांना खरं ते सांगून टाकलं. गोलकीपरांनी सगळं ऐकून घेतलं. मग अप्पांचा हात हातात घेऊन म्हणाले, "उस्ताद, लोगां ये नहीं मानते. घुटनाच अच्छा था." ते गेल्यावर अप्पा खूप दिवसांनी हसले. मग हसता हसता त्यांना खोकला आला आणि मी पाणी दिलं. आत अव्वानं सगळं ऐकलं होतं. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता, मग परत सुरू झाला.

एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा अप्पा म्हणाले, "अव्वाचं बराबर हाय. तू तिच्यावर रागावू नको." मी म्हणाले, मी माझ्यावरच रागावले आहे. ते म्हणाले, "तू दार उघडलंस त्याचं मला वाईट वाटलं न्हाय कवाच. लई वरसांनी कुणीतरी आत आलं." मग त्यांनी हळूच विचारलं, "ती काय म्हणती माझ्याबद्दल?" माझा बाप, देशाकडून खेळलेला माणूस, शाळेतल्या मुलानं विचारावं तसं विचारत होता. मी खोटं बोलले. म्हणाले, निवळतेय हळूहळू. त्या सोमवारी बोलायला हवं होतं तसं खोटं मला तेव्हा सहज जमलं.

अव्वा निवळली नाही. अप्पा एका सकाळी पूजा झाल्यावर गेले. लिंग करडगीत परत ठेवून झाकण लावलं, भिंतीला टेकले, आणि तसेच राहिले. अव्वा पलीकडे जेवत होती. तिला आधी कळलं की मला, ते सांगता येत नाही. तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला उठली.

लोक जमले, अय्या आले. आमच्या रीतीनं अप्पांना बसवलं, भस्म लावलं, हार घातले आणि बसवूनच मिरवत नेलं. गिरणीतली माणसं आली होती. मागं कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, इंडियाकडून खेळले होते, आणि दुसरा विचारत होता, पण त्या मॅचला काय झालं होतं म्हणे? मी वळून बघितलंही नाही.

खड्ड्यात, मातीत कोरलेल्या कोनाड्यात अप्पांना बसवलं. अय्यांना धरून खाली उतरवलं. त्यांनी करडगी उघडली, लिंग काढलं आणि अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. सगळ्यांनी बघितलं. अप्पांना ज्याची भीती होती तसं काही झालं नाही. पण एव्हाना हात ताठरला होता आणि बोटं मिटत नव्हती. लिंग तळहातावरून कलंडायला लागलं. अय्यांनी एकदा सावरलं, दोनदा सावरलं, मग बांधायला फडकं मागितलं.

फडकं शोधेपर्यंत अव्वा कडेला आली. कुणाला काही न विचारता खाली उतरली. तिनं अप्पांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, गुडघा चोळायची तसा सावकाश चोळला, आणि एकेक बोट वळवत मूठ मिटवली. मग चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"आता तरी घट्ट धरा," अव्वा म्हणाली.